अडवून ठेवलेली अर्धी जागा

मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. कॉम्प्युटरच्या पोटात, पंख्याच्या शेजारी एक हिरवी पट्टी उभी असते ना, तीच मी. कॉम्प्युटर जे काम हाती घेतो, ते तेवढ्यापुरतं माझ्याजवळ ठेवतो. वीज गेली की माझी पाटी कोरी. जन्मतःच असा स्वभाव मिळाला, त्याला मी तरी काय करणार?

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. डोळे उघडले ते जबलपूरला, राइट टाउनमधल्या नीलकंठरावांच्या घरी. नीलकंठराव रेल्वेत, त्यांच्या पत्नी प्रतिमाताई शाळेत शिक्षिका, यशश्री त्यांची लेक, आणि नीलकंठरावांचे वडील भय्यासाहेब. मला बसवलं त्या दिवशी नीलकंठराव म्हणाले, "अब देखो, कसा पळून राहिला!" खोटं कशाला बोलू, मी चांगली फुगले होते. पुढे प्रतिमाताईंच्या प्रश्नपत्रिका, दीक्षितपुऱ्यातल्या गणपतीची निमंत्रणं, सगळं माझ्याच अंगाखांद्यावरून गेलं.

आमच्या कॉम्प्युटरला चित्रांसाठी वेगळं कार्ड नाही. पडद्यावर चित्रं काढणारा भाग माझ्यातलीच जागा उसनी घेतो. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. लागेल तेवढी घ्यायचा, काम झालं की सोडायचा.

मग यशश्री कॉलेजात गेली. नागपूरची मावसबहीण चिन्मयी तिला मोटारींच्या शर्यतीच्या गेममध्ये बोलवू लागली. गेम काही सुरूच होईना. म्हणे, चित्रांसाठी मेमरी कमी पडते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! यशश्रीनं कुठलासा व्हिडिओ पाहिला, कॉम्प्युटर चालू होताना आतल्या सेटिंगमध्ये शिरली आणि माझी अर्धी जागा कायमची चित्रांच्या नावावर करून टाकली. गेम धावला, पोरगी खूश झाली. मलाही बरं वाटलं.

पण गेम संपला तरी ती जागा सुटली नाही. सेटिंग पूर्ववत करायचं यशश्रीच्या ध्यानातून गेलं. पंगतीत अर्धी पानं न आलेल्या पाहुण्यांसाठी अडवायची आणि घरच्यांनी ताटकळत उभं राहायचं, तशी माझी गत झाली. असून अडचण, नसून खोळंबा. "जुना झाला हा, काहून इतका हळू चालून राहिला?" असं प्रतिमाताई म्हणायच्या, आणि ते बोल मला फार लागायचे.

त्याच सुमारास भय्यासाहेबांच्या घशाचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

आता या घराची एक रीत तुम्हाला सांगते. घरात मुलीचं लग्न निघालं की भय्यासाहेब तिच्यासाठी नवं मंगलाष्टक रचत, चालही स्वतःच बांधत आणि अंतरपाटाशी उभे राहून खड्या आवाजात म्हणत. यशश्रीच्या लग्नाचा अजून पत्ताच नव्हता. पण ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या दिवशी दुपारी ते तिच्या खोलीत आले.

"यशू, तुझं मी आत्ताच म्हणून ठेवतो. पुढे काही मला म्हणता येणार नाही."

"आजोबा, फोनवर नको. माझा गेमचा माइक चांगला आहे, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करू," ती म्हणाली.

भय्यासाहेब म्हणू लागले. दुखऱ्या घशातून एकेक ओळ काढत होते, पण सूर ढळला नाही. दारात उभ्या प्रतिमाताई पदरानं डोळे पुसत होत्या. ते सगळं माझ्यात भरत होतं. अर्ध्या जागेत मी ते कसंबसं सांभाळत होते. त्यातच मागे त्या गेमचं काहीतरी डाउनलोड सुरू झालं. "शुभ मंगल सावधान" म्हणून भय्यासाहेब थांबले, यशश्रीनं सेव्ह दाबलं, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

फाटकातून रिक्षावाला ओरडला, "भैया, जल्दी करो, गाड़ी छूट जाएगी."

"हँग झालाय तो. बंद करून परत चालू कर, ठीक होऊन जातो," नीलकंठराव बॅग उचलता उचलता म्हणाले.

मित्रांनो, आवाज माझ्यात होता. सगळाच्या सगळा होता. थोडा दम धरला असता तर मी तो पक्क्या जागी पोचवलाही असता. थांब गं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे? यशश्रीनं बटण दाबून धरलं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. भय्यासाहेबांनी पुन्हा म्हणून पाहिलं, तर नुसती घरघर निघाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते रिक्षात जाऊन बसले.

नंतर यशश्रीला ते सेटिंग सापडलं. तिनं माझी जागा मोकळी केली आणि गेम काढून टाकला. तिला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, इतकी ती रडली.

आता भय्यासाहेब पाटीवर लिहून बोलतात. मंगलाष्टकाचे शब्द त्यांनी तिला लिहून दिले. यशश्री ते रोज म्हणते, तिचा 'ळ' अजून 'ल' होतो, आणि चुकलं की ते टेबलावर टिचकी मारतात. दर ओळीनंतर ती सेव्ह दाबते. तिसऱ्या ओळीत मात्र चालीला एक वळण आहे. ते हात उंचावून दाखवतात, ती परोपरीनं म्हणून बघते, आणि ते मान हलवतात. ते नाही.

तर मित्रांनो, कोणाची जागा घेतलीत तर काम झाल्यावर परत करा. घरातल्या माणसाचा आवाज आहे तोवर पक्क्या जागी ठेवा, माझ्यासारखीच्या भरवशावर राहू नका.

आत्ता यशश्री पुन्हा तिसऱ्या ओळीवर आली आहे. आजोबांचा हात वर गेला आहे. ते वळण माझ्यातूनच गेलं होतं, आणि मला ते आठवत नाही.