चौथं झाकण

फवारणी पंपाचा रबरी वायसर तळहातावर घेऊन भूपेंद्र वांग्यांच्या बांधावर बसला होता. कडेला बारीक चीर, नखाने दाबली की उघडणारी, सोडली की मिटणारी. तशीच तेव्हाही असेल… त्याने पाहिलीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी, फौजेत, आठ चाकांची चिलखती गाडी नदीत उतरवण्याआधी तळाची झाकणं, त्यांच्या रबरी कडांसकट, हाताने चाचपायची होती. त्याने तीन चाचपली, चौथं चिखलात होतं, आणि तो नुसताच "ओके" म्हणाला होता.

"हायेस का, बाबू?"

वच्छलाबाई. त्या गाडीत बुडालेल्या रुपेशची आई. दर वर्षी याच दिवशी आर्वीहून एसटीने नाचणगावला यायच्या. मुलाला शेवटचं पाहिलेला माणूस इथे होता म्हणून.

"ते गाडी पाण्यात चालेच कशी?" चहा घेताना त्यांनी नेहमीचंच विचारलं, आणि तो सांगत राहिला. हे सांगणं सोपं होतं. रस्त्यावर चाकांनी पळते, नदीत तरंगते, मागचे दोन पंखे पाणी ढकलतात. कधी जवान नेते, कधी पुढे जाऊन टेहळणी करते, आत स्ट्रेचर लावलं की तीच ॲम्ब्युलन्स… इथे तो दर वर्षी थांबे. त्या दिवशी सरावात रुपेश जखमी झाला होता, खोटा-खोटा. 'कसून बांध बे, पडीन मी,' म्हणत हसत होता, आणि स्ट्रेचरचे तिन्ही पट्टे भूपेंद्रनेच आवळले होते. पाणी भरलं तेव्हा भूपेंद्र चालकाच्या डोक्यावरच्या झडपेतून वर आला, त्याने श्वास घेतला… मागचं दार पाण्याच्या दाबाने कुणालाच उघडता आलं नाही.

"मीच मारलं त्याले," वच्छलाबाई म्हणाल्या. "लहानपणी नदीवर जाऊ नाई देलं. पोहणं आलं असतं तर निंगाला असता."

हेही दर वर्षीचंच. दर वर्षी तो मान खाली घालून ते ओझं त्यांच्याच डोक्यावर राहू देई.

"पुढच्या साली नाई येणं होत माह्यानं. गुडघे गेले."

"काकू," तो म्हणाला, आणि आवाज आपलाच आहे हे त्याला उशिरा कळलं, "त्याले पोहता येत होतं. मीच शिकवलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "मंग काऊन नाई निंगाला?"

सहा वर्षं तो हाच प्रश्न चुकवत आला होता. आता तो समोर होता, आणि त्यांच्या सुरकुत्यांतल्या डोळ्यांत राग शोधता शोधता भूपेंद्रला वाटलं, की राग सोसेल आपल्याला… पण या बाईने सगळं ऐकून, उठताना, डोक्यावरून हात फिरवला तर?