पंखा अजून फिरतोय

स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण दाबलं की ठिणगी उडायची. नवरा इलेक्ट्रिशियन, त्यामुळे आमच्या घरची दुरुस्ती सगळ्यात शेवटी. आज एकदाचा मुहूर्त लागला, तर साहेब मेन स्विच चालू ठेवूनच बोर्ड उघडायला निघाले.

"मेन बंद कर," मी म्हणाले.

"अगं, बाळ आत्ता कुठे झोपलंय. पंखा थांबला की भोकाड पसरेल. जरासं तर काम आहे."

"ह्याचे बाबाही चालू लाईनवरच काम करायचे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "कधी काही झालं नाही."

"मग त्यांच्या अंगठ्यावरचा तो काळा डाग कशाचा होता, आई?"

सासूबाई मान खाली घालून लसूण सोलू लागल्या.

मी सरळ गेले आणि मेन खाली ओढला.

"कॉलेजात भित्रेपणाची पदवी घेतलीस का?"

"हो. फर्स्ट क्लासमध्ये पास."

तो हसत हसत स्क्रू काढू लागला. टेस्टर खिशातच. मेन बंद म्हटल्यावर कशाला हवा! मला मात्र चैन पडेना. फ्रिजची घरघर थांबली होती, पण आतल्या खोलीतून बारीक टकटक येतच होती. बाळाच्या पंख्याची. त्या आवाजाकडे माझा एक कान कायम असतो.

"थांब! हात मागे घे!"

"आता काय?"

"पंखा अजून फिरतोय."

"फिरू दे की, उलट बरंच..." त्याचं वाक्य तिथेच अडलं. बाळाला उकडू नये म्हणून गेल्याच आठवड्यात त्याने इन्व्हर्टर बसवला होता. आतला पंखा आणि हा दिवा, दोन्ही त्यावर त्यानेच जोडले होते, आणि तोच विसरला होता.

त्याने टेस्टर काढून तारेला टेकवला. पेटला.

सासूबाईंच्या हातातला लसूण ताटलीत पडला. "कितीतरी दिवस मी भरवत होते ह्याच्या बाबांना," त्या हळूच म्हणाल्या. "घास धरता यायचा नाही."

नवऱ्याने इन्व्हर्टर बंद केला. टकटक थांबली आणि आतून भोकाड सुरू झालं. त्याची नजर पुन्हा इन्व्हर्टरकडे गेली.

"रडू दे," मी म्हणाले. बाळाला कडेवर घेतलं, वर्तमानपत्राने वारा घालत दारात उभी राहिले. "आधी पुन्हा टेस्टर लाव. मला दिसेल असा."

त्याने लावला. टेस्टर पेटला नाही.

"हं. आता कर काम."