दांड्याखालची पाचर

गिरणीचा भोंगा झाला तशी गुणवंतीने मशीनच्या दांड्याखालची लाकडी पाचर उपसली आणि कुणी बघत नाही असं पाहून कनवटीला खोचली.

ते मशीन भारी खोडसाळ. दांडा ओढून बंद केलं तरी वरचा पट्टा हळूच सरकायचा आणि चाक आपसूक फिरू लागायचं. सोबत काम करणाऱ्या राधाची दोन बोटं अशीच गेली. तेव्हापासून गुणवंती पाचर मारल्याशिवाय सुताच्या गुंत्यात हात घालत नसे. मुकादमाला सांगून झालं, त्याने हसण्यावारी नेलं. खात्यातल्या बायांना मात्र तिने सांगितलं नव्हतं. दुसरीला हे मशीन सांभाळता आलं, की आपली जागा गेलीच.

उद्या ती संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला जाणार होती. अटक ठरलेलीच. मशीनवर बदली म्हणून बेबी यायची होती. नवं लग्न झालेली, कोपरापर्यंत चुडा. घरी जेवायला बसल्यावर तेच हात गुणवंतीच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

सकाळी गिरणीच्या दाराशी तिने पाचर बेबीच्या हातात कोंबली आणि सगळं सांगून टाकलं.

"आधी पाचर, मग हात. विसरू नको गं!"

"मावशी, हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

गुणवंती पदर सारखा करत चालू लागली.

दुपारी पोलिसांनी बायकांना गाडीत चढवलं, तेव्हा तिला खूप दिवसांनी मोकळं वाटत होतं. तेवढ्यात धापा टाकत बेबी आत शिरली.

"तू गं इथे? मशीनवर कोण आहे?"

"कालिंदी. मुकादमाची भाची ना ती! माझी बदली तिला दिली मेल्याने. मग मी कशाला थांबू? आले इकडे."

"तिला सांगितलंस ना?"

बेबी जाळीबाहेर बघू लागली.

"बेबी, सांगितलंस ना?"

"तिला सांगितलं असतं, तर उद्यापासून मशीनवर तीच की हो मावशी."

बेबीने पोटाशी हात घट्ट धरला होता. गुणवंतीने तो ओढून बाजूला केला. लुगड्यातून लाकूड हाताला लागलं.

शिपायाने बाहेरून कडी घातली. गाडी हलली, तशा बायका जोरात घोषणा देऊ लागल्या. गुणवंती जाळीला धरून शिपायाला ओरडून सांगत होती, "अहो, गिरणीत कुणाला तरी धाडा! कालिंदीला म्हणावं, हात घालू नको!"

त्याने कानाला हात लावून पाहिलं आणि ऐकू येत नाही अशी मान हलवली.