वहिनी डावीकडे, दादा उजवीकडे

२०२२ सालचा सप्टेंबर संपत आला होता, आणि अमेरिकेतल्या ईरी कालव्याच्या शेवटाशी, वॉटरफर्डच्या वरच्या धक्क्याला लावलेल्या होडीत बसून नीलांबरी नवऱ्याची उजळणी घेत होती.

"वहिनी म्हटलं की?"

"डावीकडे."

"दादा?"

"उजवीकडे. अगं, किती वेळा?"

"पोहे गार झाले?"

"वेग कमी. आणि चहा उतू गेला की मोटर उलटी फिरवायची. इंजिनिअरिंगला एवढा अभ्यास नव्हता केला मी."

"केला असता तर बरं झालं असतं. चला, तोंड पुसा. पोरगी येऊन राहिली."

गुरुनाथ वेंगुर्ल्याचे. समुद्राकाठी वाढलेले आणि मग सगळी नोकरी बफेलोत, सरोवराकाठी केलेले. तिथेच त्यांनी ही जुनी शिडाची होडी घेतली आणि वीस वर्षं तिच्यावर जीव लावला. नीलांबरी नागपूरची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे कूलरमधलं. इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढता काढता तिचं आयुष्य गेलं. होडीवर ती फक्त डबा उघडायची आणि काठ कधी येतो ते बघायची.

गेल्या होळीपासून गुरुनाथांच्या नजरेचा मधला भाग पुसत चालला होता. कडेचं दिसे, समोरचं विरघळून जाई. बोलताना ते माणसाच्या कानाकडे बघत. गाडी त्यांनी आपणहून सोडली, "ट्रॅफिकचा कंटाळा आला" म्हणून. मुलीला मात्र दोघांनीही काही सांगितलं नव्हतं. नीना ऑल्बनीला, म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवण्याच्या केंद्रात काम करी. रोज पडलेली माणसं बघून बघून तिला स्वतःचा बापही पडलेलाच दिसे. आता दोघं बफेलोचं घर विकून तिच्याजवळ फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते, आणि होडी ट्रकवर न घालता कालव्यातून आणायचा हट्ट गुरुनाथांचा. नीनाने अट घातली होती: शेवटच्या पाच लॉकना ती बरोबर येणार. बाबा ठीक वाटले तर होडी राहील, नाहीतर विकायची.

होडी गेली तर हा माणूस खिडकीशी बसून राहील आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवत राहू, एवढं नीलांबरीला स्वच्छ दिसत होतं. म्हणून ही उजळणी. इथवर ती पुढे बसून सरळ डावं-उजवं सांगत आली होती, ते त्यांच्या हाताला पुरे होई. आता मुलीसमोर सांगायचं तर माहेरच्या गप्पांच्या मिषाने.

नीना आली. आईला मिठी मारून तिने आडव्या ठेवलेल्या डोलकाठीकडे बघितलं. पुलांखालून जायचं म्हणून डोलकाठी उतरवून होडीवर निजवावी लागते. तिची दोन्ही टोकं पुढेमागे बाहेर आली होती.

"बाबा, हे सेफ आहे ना? इट लुक्स लाइक अ लॅडर ऑन अ पिकअप."

"तू फक्त दोर धर," गुरुनाथ तिच्या कानाकडे बघत म्हणाले.

वॉटरफर्डचा उतार म्हणजे एकाखाली एक पाच लॉक. लॉक म्हणजे सिमेंटची खोल कोठी, दोन्ही टोकांना दारं. होडी आत गेली की मागचं दार लागतं, पाणी उतरत जातं, तळाशी पुढचं दार उघडतं. आणि या पाचांत एकदा शिरलं की मध्ये थांबायला जागा नाही.

पहिला लॉक झकास पार पडला. नीलांबरीने माहेरच्या राधिकावहिनींच्या गुडघ्याचा आणि श्रीरंगदादाच्या बागेचा विषय इतक्या सहज काढला, की नीना हसून म्हणाली, "आई, तुला लॉकमध्येसुद्धा गॉसिप लागतं?"

दुसऱ्याच्या तोंडाशी वारा आला. होडीचं नाक उजव्या भिंतीकडे सरकायला लागलं.

"राधिकावहिनींचा फोन आला होता बरं का," नीलांबरी म्हणाली.

"कशाला?" गुरुनाथांनी विचारलं.

"वहिनींचा. राधिकावहिनींचा."

"हो, पण कशाला? आपल्या लग्नात त्या म्हणाल्या होत्या, कोकणातला जावई, ताटात मासा नसला तर उपाशी उठेल. सगळ्या पंगतीसमोर. मी विसरलेलो नाही."

"अहो, वहिनी! वहिनी म्हणून राहिले मी!"

"त्यांची बाजू घेऊ नकोस."

"चहा उतू गेला!"

तेवढ्यात डोलकाठीचं टोक भिंतीला घासत गेलं. दात शिवशिवतील असा आवाज झाला. बाजूला बांधलेले रबरी फुगे चेपले आणि होडी अंग चोरून थांबली. वरून लॉकवाल्याने वाकून विचारलं, सगळं ठीक ना. नीलांबरीने हात हलवला आणि भिंतीवरून लोंबणारा दोर धरला. मागचं दार लागलं.

नीना बराच वेळ आईकडे बघत होती, मग बापाकडे. तिने बापाच्या तोंडासमोर हात धरला.

"बाबा, किती बोटं?"

गुरुनाथांनी मान तिरपी केली, तिचा हात डोळ्यांच्या कडेत धरायला.

"हाऊ लाँग, आई?"

"होळीपासून. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील. गाडी मीच चालवते."

"आणि मला वहिनी-दादा? मी लहान आहे का?" पाणी उतरत होतं, ओल्या भिंती उंच होत होत्या, आणि नीनाचा आवाज त्या कोठीत घुमत होता. "आय डू धिस फॉर अ लिव्हिंग. तुम्ही मला विचारायचं सोडून... उद्या होडी विकायला ब्रोकरला फोन करते मी."

"कर," गुरुनाथ म्हणाले. त्यांचे हात मागचा दोर हळूहळू सोडत होते. पाण्याबरोबर, कमी नाही, जास्त नाही. त्याला डोळे लागत नव्हते.

नीलांबरीला तो शांतपणा सोसवेना. भांडले असते तर बरं.

"आमचं चुकलं," ती म्हणाली. "पण नीना, तू यांना काय करता येत नाही ते बघून राहिली. होडी चालवायला दोघं लागतात. डोळे माझे धड आहेत."

"आई, यू कान्ट ईव्हन स्विम."

"पोहायचं कुठे आहे? मधून जायचं आहे."

पुढचं दार उघडायला लागलं. तीन लॉक बाकी होते. नीनाला होडीत नेहमी मळमळायचं, तिने सुकाणूला कधी हात लावला नव्हता. गुरुनाथ सुकाणूच्या दांड्यापासून बाजूला सरकले.

"नीला, बस इथे."

बोलून तर गेली होती; आता नीलांबरी दांड्याशी बसली. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते; गाडीच्या सवयीचे तिचे हात दोनदा उलटे गेले. नीना पुढून ओरडली, "लेफ्ट, आई! अदर लेफ्ट!"

"ढकलू नकोस," गुरुनाथ शेजारून म्हणाले. "लोकांच्या शिरा कशा शोधायचीस? दाबून? बोट ठेवून थांबायचीस ना? तसं थांब. होडीच सांगते कुठे जायचं ते."

नीलांबरीने हात सैल केला. दांड्यातून पाण्याचा बारीक रेटा तळव्याला लागला, जिवंत, धकधकता. होडी वळली. डौलात नव्हे, बैलगाडी वळावी तशी, पण वळली.

तिसऱ्या लॉकला फुगे घासले. चौथ्याला थोडेच. पाचव्याला होडी भिंतीशी अशी अलगद टेकली, की वरचा लॉकवाला टोपीला हात लावून हसला. नीनाने दोर घेता घेता मागे वळून पाहिलं. आईच्या कपाळावर घाम होता आणि बाबा डोळे मिटून, कान देऊन, मोटरच्या आवाजावरून भिंत किती लांब आहे ते तिला सांगत होते.

शेवटचं दार उघडलं आणि समोर हडसन नदी रुंद पसरली.

"शिडं कोण लावणार?" नीनाने विचारलं. तिच्या आवाजातला राग अजून पुरता गेला नव्हता. "आईला कोण शिकवणार?"

"हे आहेत नं," नीलांबरी म्हणाली.

नीनाने ब्रोकरला फोन केला नाही. पुढच्या वसंतात मात्र तिने आईला तरणतलावावर नाव घालायला लावलं, आणि नीलांबरी सत्तरी उलटल्यावर पोहायला शिकली. पाठीवर तरंगणं तिला जमतं, उलटं होणं अजून नाही. होडी चालवण्याची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. नागपूरच्या राधिकावहिनींना आपल्या नावाने होडी भिंतीवर गेल्याचं कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की लग्नातल्या त्या बोलण्याची माफी त्यांनी फोनवरच मागितली. गुरुनाथांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, विचार करतो. श्रीरंगदादा त्या वर्षीच्या हिवाळ्यात वारले. नीना रविवारी मळमळीची गोळी घेऊन होडीत येते आणि निम्म्या वेळा गोळी लागत नाही.

गुरुनाथांना आता चेहरे दिसत नाहीत. वारा कुठून आला ते मात्र नीलांबरीला ते अजून आधी सांगतात, गालावरून. संध्याकाळी होडी धक्क्याला लागली की शीड उतरवून घडी घालायचं काम त्यांचं. ते वाकतात, काठाला काठ लावतात, तळव्याने चुणी काढत काढत पुढे सरकतात. शेजारच्या होड्यांतली माणसं घरी निघून गेलेली असतात. नीलांबरी डबा बंद करून काठावर बसते आणि त्यांची घडी पुरी होईपर्यंत नदीकडे बघत राहते.