मागच्या बाजूचे धागे

भरतकाम पाहायचं तर कापड उलटं करून पाहावं, ही सौंसरच्या जयवंताबाईची रीत. सुलट बाजू कोणीही सजवतं. मागं गाठ दिसली, धागा लोंबला, की बाई त्या हाताला कायमचं नापास करी. गल्लीतल्या नापास सुनांची यादी तिला तोंडपाठ होती.

शेजारच्या दत्तात्रय गुरुजींची हिमानी बडोद्याला चित्रकला शिकून आता धाग्यांची चित्रं आणि शिल्पं करते. लहानपणी साखळी टाका तिला जयवंतानंच शिकवलेला. ती पाच मीटर मांजरपाट घेऊन दारात आली, तेव्हा आपली किंमत उशिरा का होईना कोणाला कळली, असं बाईला वाटलं. कापडावर कोळशानं काढलेलं संत्र्याचं झाड, खाली पसरलेली मुळं. सगळं लाल सुतानं भरायचं होतं.

"दिल्लीच्या प्रदर्शनात पाटीवर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव, काकू," हिमानी म्हणाली. "फक्त मागचे धागे कापू नका. लोंबू द्या. तीच बाजू समोर येणार आहे."

बाईनं नावाचं तेवढं नीट ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते गल्लीनंही ऐकलं.

"आता चहा मागाचा त मले अर्ज करा लागन," नवरा गजेंद्र म्हणाला.

"करा. शुद्ध मराठीत करा."

तीन आठवड्यांत झाड भरून झालं. बाईनं कापड उलटं केलं. सांगितल्याप्रमाणे सोडलेले शेकडो धागे लोंबत होते, आणि याच्याच शेजारी लिहिलेलं असणार, जयवंता गजेंद्र घागरे. पोरगी लहान आहे, तिले काय समजते, असं म्हणून तिनं कात्री घेतली. दोन दुपारी बसून एकेक टोक छाटून पिशवीत टाकलं, उरलेलं टाक्याखाली दडवलं.

हिमानी न्यायला आली. कापड उलटं करून बराच वेळ बघत राहिली.

"काकू, ती मुळं होती."

"मुळं बाहेर कायले लोंबतीन? थे जमिनीत असतेत. मी आत घातले."

हिमानीनं डोळे मिटले, उघडले आणि छाटलेल्या धाग्यांची पिशवी मागितली. पोरीला वळण चांगलं आहे, जाता जाता कचराही नेते, असं बाईला वाटलं.

महिन्यानं गजेंद्रच्या मोबाइलवर फोटो आला. कापड टांगलेलं, मागची बाजू समोर, एकदम साफ. खाली काचेच्या पेटीत लाल धाग्यांचा ढीग. पाटी इंग्रजीत होती. गजेंद्र बोट ठेवून मराठीत सांगू लागला.

"छाटलेली मुळं. कलाकार, हिमानी. साहित्य, मांजरपाट, सूत आणि एका अनाम गृहिणीची कात्री."

"अनाम म्हणजे कोण?"

गजेंद्रला या वेळी चेष्टा सुचली नाही. "तू," तो म्हणाला.

बाईनं फोन लावायला लावला.

"नाव टाकलं असतं तर लोक तुम्हाला हसले असते, काकू," हिमानी समजावू लागली. "मी तुम्हाला वाचवलं."

"हसले असते त माह्या नावाले हसले असते. आता कोणाले हसून राहिले थे?"



"काकू, हे किती सुंदर बोललात. पुढच्या कापडावर हेच वाक्य भरू?"

"कोणाचं म्हणून?"

"ते बघू ना," हिमानी म्हणाली. "आधी पुन्हा एकदा सांगा, सावकाश. लिहून घेते."