कोळ्यांच्या बाईंचं पुस्तक

मी किड्या-कोळ्यांवरचा ग्रंथ बोलतोय. लोक नुसतं पुस्तक म्हणतात, पण माझी जाडी पाहता ग्रंथ म्हटलंत तर बरं वाटेल.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझ्या चित्रकाराने मुंगीपेक्षा तिच्या सावलीवर जास्त मेहनत घेतली, त्यामुळे लहान मुलं अजूनही माझं पान झटकून पाहतात. मला घरी आणलं ते शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी. मुलं त्यांना ‘कोळ्यांच्या बाई’ म्हणत.

“बाई, किडे ओळखायला शिकायचं तर काय वाचू?” असं कुणी विचारलं की बाई आधी त्या मुलाकडे नीट बघत. चुळबुळ्याला रंगीत चित्रांचं पातळ पुस्तक मिळे. प्रश्न विचारून भंडावणाऱ्याला मुंग्यांवरचं. आणि ज्याला गप्प बसून बघता येतं, त्याला मी. “आधी अंगण बघ, मग हे वाच, मग परत अंगण बघ,” असं त्या बजावत. फळीवर माझी मान ताठ असे.

घरात मात्र मी झाकण होतो. बाईंच्या यजमानांना कोळी दिसला की घाम फुटायचा. “अगं, आलाय बघ,” अशी हाक आली की बाई कोळ्याला अलगद पेल्यात घेत, वर मला ठेवत आणि अंगणात नेऊन सोडत. माझ्या पुठ्ठ्यावर त्या पेल्यांची वर्तुळं उमटली आहेत. एवढ्या ज्ञानी ग्रंथाचं झाकण करतात म्हणून मला फार राग यायचा. आता त्या रागाची आठवण झाली तरी गलबलून येतं.

कारण बाई गेल्या. म्हातारबुवांनी झाडू हातात धरणं सोडलं. माझ्या कपाटाच्या कोपऱ्यात एका कोळिणीने जाळं विणलं, आणि कोळ्याला भिणारा हा माणूस रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसू लागला. “आज भाजीत मीठ जास्त पडलं गं,” असं काहीबाही सांगायचा. मग मला मांडीवर घ्यायचा. मी दर वेळी एकाच पानावर उघडायचो.

“तूच उघडतेस ना?” तो पुटपुटायचा.

अहो, त्या पानाशी माझी पाठ मोडली होती, इतकंच. पण एक खरं सांगतो. दिवेलागणीला माझ्या पानांच्या कडांवरून कुणीतरी बोट फिरवायचं. ती बाईंची सवय होती. म्हातारबुवांचे दोन्ही हात तेव्हा खुर्चीच्या दांड्यांवर असत.

एके दिवशी मुलगी आली आणि दारातच थबकली.

“बाबा, ही काय जळमटं! उद्या फवारणीवाल्याला बोलावलंय मी.”

“तो कोपरा तेवढा सोड.”

“का?”

“तुझी आई असते तिथे.”

मुलगी त्यांच्याजवळ बसली. “बाबा, आईला जाऊन तीन वर्षं झाली. आणि असा कोळी फार तर दोन वर्षं जगतो, तिनेच शिकवलंय. आई होती तेव्हाचा हा कोळीसुद्धा नाही.”

“माहितीये. वाचलंय मी. पण ती गेल्यापासून या घरात माझं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे?”



सकाळी फवारणीवाला अंगणात पंप भरू लागला. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. मुलीने मला फळीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि बाकीची पुस्तकं उचलायला ती वळली. तेवढ्यात मी उघडलो. मोडलेल्या पानावर नाही. तिने लहानपणी डिंक सांडला तेव्हापासून माझी दोन पानं चिकटलेली होती. कुणी हलक्या हाताने सोडवावीत तशी ती जराही न फाटता सुटली.

आत तिनेच काढलेला कोळी होता. त्याला तिने सहा पाय काढले होते. उरलेले दोन आईने शिसपेन्सिलीने जोडले होते, न रागावता.

मुलीने त्या दोन पायांवर बोट ठेवलं आणि ती खूप रडली.

“ताई, कुठून सुरुवात करू?” फवारणीवाल्याने दारातून विचारलं.

“राहू द्या, भाऊ. नको आता.”

त्या संध्याकाळी कोपऱ्यासमोर दोन खुर्च्या होत्या. म्हातारबुवा बोलत होते आणि मुलगी ऐकत होती.

आता मला कसर लागली आहे. जिचं वर्णन माझ्यात आहे तीच मला खाते आहे, हा न्याय म्हणायचा. मुलगी म्हणते, “याला नवी बांधणी करून घेऊ.” तिची माया मला कळते. पण कुणीतरी तिला माझं एवढं सांगा. बांधणीवाला पानांच्या कडा कापतो. मग दिवेलागणीला येणारं ते बोट कशावरून फिरेल?