घरात न मावणारा ट्रुल्स

मीच बोलतोय, ट्रुल्स. जातीचा हस्की कुत्रा. एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि दोन्ही डोळ्यांत कायम भोळा भाव. त्या भावावर विश्वास ठेवू नका, बऱ्याच जणांनी ठेवला आणि पस्तावले.

नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, राग्ना नावाच्या बाईच्या कुत्र्यांच्या आवारात, गवताच्या पेंढीवर माझा जन्म झाला. डोळे उघडायच्या आधीच मी भावंडांना ढकलून पुढे जायला शिकलो, आणि पुढे जाणं हाच आमचा धंदा. छातीवर पट्टा आवळला की मागे बर्फावरच्या घसरगाडीवर कोण उभं आहे, कशाला जायचंय, काही विचारायचं नाही. ओढत सुटायचं. थांबायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही. थांबवायचं काम गाडीच्या ब्रेकचं.

मग एका हिवाळ्यात माझा खांदा कुरकुरायला लागला आणि राग्नाने मला शर्यतीतून काढलं. रोज सकाळी बाकीचे जुंपले जायचे, नुसता कल्ला व्हायचा, आणि ते निघून गेले की मागे उरायचो मी आणि एक आंधळी म्हातारी कुत्री. ती दिवसभर उसासे टाकायची. त्या शांततेची मला फार भीती वाटायची. अजूनही वाटते.

अशा निवृत्त कुत्र्यांना राग्ना घरं शोधून देते. जमलं तर ठेवा, नाही तर परत आणा. मला दोनदा परत आणलं. पहिल्या घरी मी सोफा उकरला, कारण त्याच्या पोटात काय आहे ते कळत नव्हतं. दुसऱ्या घरी राखणदार हवा होता. तिथे एक चोर आला. मी त्याचं तोंड चाटलं आणि त्याच्या मागोमाग त्याच्या घरी गेलो. माणूस चांगला होता.

तिसरं घर गुन्व्होर आणि आर्विदचं. ती पोस्टातून निवृत्त, तो बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसलेला. राग्नाने त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत रोखठोक विचारलं, "रविवारी काय करता तुम्ही?"

आता इथल्या लोकांची एक गंमत आहे. इथला माणूस एक वेळ चोरी कबूल करील, पण रविवारी घरात बसतो असं म्हणणार नाही. डोंगरावर गेलं पाहिजे. वादळ असो, बर्फ असो, गेलंच पाहिजे.

"जातो की!" गुन्व्होर म्हणाली. "दर रविवारी."

आर्विदने कपात बघत मान डोलावली.

"बघा हं," राग्ना म्हणाली. "हा घरात बसणारा गडी नाही. इस्टरच्या सोमवारी येते. जमलं नाही तर सरळ सांगा, मी घेऊन जाईन. पण चौथं घर काही मी शोधणार नाही त्याला."

पहिल्याच रविवारी मी दाराशी जाऊन उभा राहिलो. गुन्व्होरने दार लावलं, पडदे ओढले आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. अर्धा दिवस दोघं अंधारात कुजबुजत बसली होती. शेजारच्या पेदरला वाटावं की ही डोंगरावर गेलीत! एके काळी आर्विद गावात सगळ्यांच्या आधी वर पोचायचा म्हणे. आता लंगडत जाताना कुणी बघू नये म्हणून तो जातच नव्हता. आणि तो जात नाही म्हणून तीही.

मग मी घराच्या आसपासच धंदा शोधला. कुंड्यांतली माती उकरली. लोण्यात केस टाकले. पेदरने बाहेरच्या भिंतीवर दोरीला टांगलेले अर्धवट वाळलेले कॉड मासे चाखले. फार छान वाळवतो तो.

"मला पायाशी बसणारा कुत्रा हवा होता," आर्विद कुरकुरायचा.

"बसतो की पायाशी."

"पायाशी नाही, पायावर! आणि नजर खिडकीबाहेर! अगं, माझ्या घरात वादळ पाळलंयस तू. सोमवारी राग्ना आली की देऊन टाकू."

गुन्व्होर माझ्या कानामागे खाजवत राहिली, जरा जास्तच वेळ.

इस्टरची सुट्टी लागली. गुरुवारी सगळं गाव संत्री आणि चॉकलेटं घेऊन डोंगरावर निघालं. आमचे पडदे बंद. बाहेर बर्फावर लखलखीत ऊन, लोकांचा गलका, आणि मी अंधारात. मला राग्नाच्या आवारातली त्या सकाळी आठवल्या. मग मात्र राहवलं नाही. मान वर करून मी असा गळा काढला की कपाटातल्या बश्या वाजल्या.

"गप रे! गप, सोन्या!" गुन्व्होर हलक्या आवाजात विनवत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "कुणी आहे का?" पेदर! दोघं सोफ्यामागे बसली. आर्विदला गुडघा वाकवता येईना म्हणून तो आडवाच झाला. पाहुण्याला दार उघडावं एवढे संस्कार माझ्यावर आहेत. मी उडी मारून दाराची मूठ दाबली.

पेदर आत आला आणि सोफ्यामागून बाहेर आलेले लोकरी मोजे बघून म्हणाला, "आर्विद? तुम्ही डोंगरावर गेलात ना?"

"निघालोच आहोत," आर्विद जमिनीवरूनच म्हणाला. "बटण शोधतोय. तू रे?"

"मी... मी आत्ताच उतरलो वरून." बूट त्याचेही कोरडे ठणठणीत होते. माझ्यापासून मासे वाचवायला तो घरी पहारा देत बसला होता!

पण आता पेदर दारात उभा, म्हणजे निघणं भाग होतं. आर्विदच्या गुडघ्यासाठी गुन्व्होरने कोठारातून घसरखुर्ची काढली. पुढे लाकडी खुर्ची, खाली लोखंडी पट्ट्या, मागे उभं राहून पायाने ढकलायची. इथल्या आज्या ती घेऊन दुकानात जातात.

"त्या म्हातारीच्या खुर्चीत मी बसू?" आर्विद दातओठ खात पुटपुटला. "गाव हसेल मला!"

"बूट बांधण्यापुरता तरी बस. मी संत्री आणते." असं म्हणून तिने मला माझा छातीवरचा जुना पट्टा घातला आणि एक मिनिटापुरतं म्हणून खुर्चीला बांधलं.

आर्विद बसला. पट्टा ताणला गेला. मागे वजन! किती दिवसांनी मागे वजन! मी सुटलो.

"थांब! अरे गाढवा, थांब!" आर्विद ओरडत होता. घसरखुर्चीला ब्रेक नसतो, त्याला मी काय करणार? गल्ली गेली, चर्च गेलं, चढ लागला. खांदा कुरकुरला, मी दुर्लक्ष केलं. अर्ध्या चढावर मागचा आवाज बदलला. "डावीकडे! डावीकडे घे रे, तिकडे बर्फ कडक आहे! शाबास!"

वर डोंगरावर त्याचे बंदरावरचे जुने सोबती शेकोटीभोवती बसले होते. तिथे सॉसेजचा वास आला म्हणून मी आपणहून थांबलो.

"आर्विद! लेका, होतास कुठे इतके दिवस?" एकाने विचारलं. "आणि ही कुत्रागाडी कधी घेतलीस?"

आर्विदने टोपी सरळ केली. "शिकवतोय त्याला," तो म्हणाला. "अजून थोडा कच्चा आहे."

बऱ्याच वेळाने गुन्व्होर स्कीवरून धापा टाकत पोचली. शेकोटीपाशी हसणाऱ्या नवऱ्याकडे बघत ती नुसती उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने आलं म्हणाली. वारा नव्हता.

सोमवारी राग्ना आली. मी तिचा हात चाटला आणि टेबलाखाली जाऊन बसलो.

"मग?" तिने विचारलं. "जमतंय का?"

"खोटं बोललो होतो आम्ही," आर्विद म्हणाला. "रविवारी कुठेही जात नव्हतो."

"माहीत होतं मला. दारातल्या स्कीवर कोळिष्टकं लोंबत होती. सगळेच खोटं बोलतात. कुत्र्याचं सांग."

"हा कुत्रा आमच्या घरात अजिबात बसत नाही."

माझी शेपटी जमिनीला टेकली. राग्नाने पट्ट्याला हात घातला.

"म्हणून," आर्विद घसा खाकरून म्हणाला, "आम्हीच घरात कमी बसायचं ठरवलंय. सोड त्याचा पट्टा. आम्हाला निघायचंय, उशीर होतोय."

तर मंडळी, असा मी इथे राहिलो. पडदे आता उघडे असतात, लोण्यात केस अजून असतात. हस्की आणायचा विचार असेल तर आपल्या घराला तो शोभेल का, असं विचारत बसू नका. नाहीच शोभत. रविवारी दार उघडाल का, तेवढं स्वतःला विचारा, आणि उत्तर खरं द्या. बाकी मी बघून घेईन. आणि शेजारी मासे वाळवत असेल, तर त्याला दोरी जरा उंच बांधायला सांगा. पेदरने बांधलीय. पण मी स्टूल बघून ठेवलंय.